केळीखालची विहीर

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होतो. "मामा, आई गेली," तो म्हणाला. पहाटे झोपेतच गेली, त्रास झाला नाही, दुपारी नेणार आहोत, तुम्ही धुळ्याहून लगेच निघा... हे सगळं त्याने व्यवस्थित सांगितलं. मग तो म्हणाला, "चला, साइटचं ते प्रकरण आता तरी थांबेल." आई जाऊन तीन तास झाले नव्हते. मी फोन खाली ठेवला आणि नळाखाली हात धरून बसलो. मिरच्यांमुळे हातांची आग होत होती, पण मी हात धुतले ते त्यासाठी नाही.

अक्का माझी सख्खी थोरली बहीण. धरणगावजवळच्या आमच्या गावात ती त्या काळी सातवीच्या पुढे शिकलेली एकटी मुलगी. पुढे प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली. तिच्यावर लेख लिहायचा म्हणजे ती प्रेमळ होती असं लिहायला हवं, पण ते खोटं होईल. ती तुसडी होती. पाहुण्यांना दुसरा चहा विचारायची नाही, लग्नाच्या पंगतीत भाजी खारट झाली तर वाढप्याला तिथेच सांगायची. मी सहा-सात वर्षांचा असताना वडील बाजारात बैल विकत होते. सौदा ठरत आला होता आणि मध्येच अक्का गिऱ्हाइकाला म्हणाली, "हाऊ बैल दुपारनंतर बसी जास." सौदा मोडला. वडील चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिला त्याचं काही वाटल्याचं मला आठवत नाही. माहीत असलेली गोष्ट सांगितली, त्यात बोलण्यासारखं काय, असाच तिचा चेहरा होता.

लग्न होऊन ती धुळ्यात आली. दाजी फैजपूरकडचे, दवाखान्यात कंपाउंडर. त्या दोघांनी शहराच्या पार टोकाला, जिथे तेव्हा रिक्षावाले यायला नाही म्हणत, एक प्लॉट घेतला. पुढे दोन खोल्या बांधल्या आणि मागची मोठी जागा बागेसाठी मोकळी ठेवली. बागेत दाजींनी विहीर खणली. चांगली रुंद, पण पाणी दोन-तीन वर्षंच लागलं. मग शेजाऱ्याचं वासरू तीत पडून मेलं आणि अक्काने हट्ट धरून ती बुजवून घेतली. कुठली तरी शाळा पाडत होते, तिथल्या विटा, राडारोडा, चुलीची राख, जे मिळेल ते त्यात गेलं. मी स्वतः दोन रविवार घमेली ओतली आहेत. दाजींनी वर माती टाकून गावाकडचे केळीचे कंद लावले. केळी अशी फोफावली की बघणारा थांबून बघायचा. पण दर पावसाळ्यानंतर तिथली जमीन हातभर खचायची आणि पुन्हा बैलगाडीने माती आणावी लागायची. दाजी गेल्यावर ते काम मी करत होतो.

शहर वाढत वाढत त्या प्लॉटच्या पलीकडे गेलं. रस्ता रुंद झाला, समोर शोरूम आली. अक्काचे गुडघे गेले होते. एक दिवस तिनेच मला बोलावून सांगितलं की घर विकायचंय. जळगावात प्रशांतच्या जवळ लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन खोल्या घ्यायच्या आणि बसून राहायचं. झाडांचं काय, असं मी विचारलं तर म्हणाली, "झाडांचं काय? झाडं सगळीकडे असतात." तिला घर सोडवत नव्हतं, असं दहाव्याला दोघातिघांनी डोळे पुसत सांगितलं. ते खोटं आहे. तिला विकायचंच होतं. फक्त विहिरीबद्दल सांगून विकायचं होतं.

प्रशांतने एजंट गाठला. मागची जागा बघून एजंट खूश झाला. इथे चार मजले सहज उभे राहतात, घर नाही, सोनं आहे, असं म्हणाला. पहिला बिल्डर आला. अक्का काठी टेकत त्याला केळीपर्यंत घेऊन गेली आणि म्हणाली, "इथे खाली बुजवलेली विहीर आहे. दरवर्षी जमीन खचते. बांधायचं असेल तर आधी हे बघा." तो परत आला नाही. दुसरा आला, त्यालाही तिने सांगितलं. तिसऱ्याच्या वेळी एजंटने तिला आतल्या खोलीत नेलं. मी तिथे होतो.

"अक्का, त्यांनी विचारलंच नाही, तर तुम्ही सांगता कशाला?"

"विचारलं नाही म्हणूनच सांगते. माहीत असतं तर विचारलं असतं."

एजंट माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो.

यानंतर प्रशांतने कुलमुखत्यारपत्राचा विषय काढला. आईला रजिस्ट्रीच्या ऑफिसचे जिने चढायला नकोत, सही मी करीन, एवढंच तिला सांगितलं. तिने विश्वासाने अधिकार दिले आणि साक्षीदार म्हणून मी सही केली. पुढच्याच आठवड्यात तो तिला गुडघे दाखवायला जळगावला घेऊन गेला आणि मला म्हणाला, "मामा, किल्ली शेजारी ठेवा, माणसं येतील, जरा साफसफाई करायची आहे." मी किल्ली दिली. दोन दिवसांनी जाऊन पाहिलं तर केळीची बाग आडवी पडलेली, पानं ट्रॅक्टरमध्ये भरलेली. विहिरीच्या जागेवर मुरूम दाबून बसवला होता आणि वर लाल-करडे पेव्हर ब्लॉक. मध्यभागी सिमेंटचा बाक. त्या बाकावर एजंट मोबाइलवर बोलत बसला होता. मला बघून त्याने जागा करून दिली. मी बसलो... विहिरीवर बसलो आणि त्याने पुढे केलेला चहा प्यायलो.

घर विकलं गेलं. अक्काला कळलं ते व्यवहार झाल्यावर. तिने आरडाओरडा केला नाही. एसटीने एकटी धुळ्याला आली, माझ्याकडे उतरली आणि मला घेऊन नव्या मालकाच्या ऑफिसात गेली. त्याने तिला काकू म्हणून खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला.

"तिथे विहीर आहे," अक्का म्हणाली.

"मला माहीत आहे, काकू. तुमच्या आधीच्या गिऱ्हाइकानेच सांगितलं होतं. म्हणून तर भाव पाडून घेतला."

"मग पाया तसा घालणार का?"

"बघू. खर्च फार येतो."

"आणि फ्लॅट घेतील त्यांना सांगणार?"

तो हसला. "त्यांना आम्ही गच्ची दाखवतो. बाकी काही ते विचारत नाहीत."

आयुष्यात मी बरीच लबाड माणसं पाहिली. पाटबंधारे खात्यात कारकून होतो, न पाहून कसं चालेल? पण इतक्या प्रेमाने, पंखा वळवून कुणी असं बोललेलं पाहिलं नव्हतं. बाहेर येऊन अक्का पायरीवर बसली. पाणी मागितलं, चूळ भरून टाकली, प्यायली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती साइटच्या समोरच्या ओट्यावर बसायला लागली. पत्र्याचं कुंपण झालं होतं, रंगीत फलक लागला होता, बुकिंग सुरू होतं. कुणी नवरा-बायको बघायला आले की ती त्यांना हाक मारायची, विहीर कुठे आहे ते सांगायची आणि त्यांचं नाव, पत्ता वहीत लिहून घ्यायची. काही थांबायचे, काही तिला भिकारीण समजून चुकवायचे. सहा दिवस ती बसली. मी तिला सकाळी सोडायचो आणि संध्याकाळी आणायचो, पण तिच्या शेजारी एकदाही बसलो नाही. ओळखीचे लोक जातात-येतात, अशी सबब होती माझी. सातव्या दिवशी प्रशांत गाडी घेऊन आला. पुढे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, अक्काचं डोकं फिरलंय हे नातेवाइकांत फोनवर फोन करून सांगून झालं. मला कुणी विचारलं की मी "वय झालं" म्हणायचो.

जळगावहून ती मला फोन करायची. गोळ्यांमुळे जीभ जड झालेली, तरी शब्द स्पष्ट. "भाऊ, तठे विहीर शे. तुले माहीत शे ना?" मी हो म्हणायचो. "मंग तू काब्रं सांगत नही?" का सांगत नाही असं विचारलं की मी म्हणायचो, बघतो. शेवटच्या फोनवरही मी बघतोच म्हणालो.

दहाव्याला बिल्डरने फुलांचं मोठं चक्र पाठवलं. प्रशांतने ते फोटोशेजारी दर्शनी लावलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला कुणी पाठवलं ते सांगितलं. लोक श्रीखंड वाढून घेत होते आणि अक्का किती सरळ होती ते बोलत होते. त्यातल्या निम्म्यांनी तिला वेडी म्हटलेलं मी ऐकलं होतं. उठून जाण्याची हिंमत नव्हती, म्हणून भात चिवडत बसलो.

जेवणं झाल्यावर प्रशांत म्हणाला, "मामा, आईच्या खोलीतलं सामान बघून घ्या, उरलेलं रद्दीत देतो." प्रशांतच्या घरातली लहानशी खोली, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. गादीखाली कागदांचा गठ्ठा होता. प्रत्येक कागदावर प्लॉटचा नकाशा हाताने काढलेला. कुंपण, घर, रस्ता, उत्तरेचा बाण आणि मागच्या बाजूला एक गोल : येथे बुजवलेली विहीर, रुंदी बारा हात. वरच्या कागदांवर रेघ सरळ होती. खाली जावं तशी ती थरथरत गेली होती, शेवटच्या दोन कागदांवर गोल जुळलाच नव्हता. प्रत्येकाच्या तळाशी तिचं नाव, आणि त्याखाली : "खात्री करायची असल्यास माझ्या भावाला विचारावे. तो खरे सांगेल." पुढे माझा फोन नंबर. धुणीभांड्याला येणाऱ्या बाईने मला हळूच सांगितलं की असे बरेच कागद अक्काच्या सांगण्यावरून तिनेच पाकिटात घालून टपालात टाकले आहेत. पत्ते आजीच्या वहीतले.

परवा सकाळी फोन आला. सोनगीरच्या एक बाई, नवरा ड्रायव्हर, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बुक केलाय. "कागद आलाय आम्हाला," त्या चाचरत म्हणाल्या. "बिल्डर म्हणतो, म्हातारी भ्रमिष्ट होती... तुम्ही भाऊ ना तिचे?"

मी हो म्हणालो. मग विहीर कुठे, किती रुंद, आत काय काय ओतलं, जमीन किती खचायची, ते सगळं सांगितलं. वर ब्लॉक कुणी बसवले ते सांगितलं. किल्ली मी दिली, तेही. बाईंना पटत नव्हतं बहुतेक, त्या तेच तेच पुन्हा विचारत राहिल्या, आणि अक्काचा नकाशा समोर ठेवून मी पुन्हा कुंपणापासून सुरुवात केली.