नारळ धरायला कोण

मानवी स्वातंत्र्याचा एक मोठा प्रश्न नागपुरात सुटणार होता, म्हणून मी पुण्याहून निघालो. गांजा कायदेशीर करून त्याचे नियमन करावे का, यावर परिषद होती. भाडे आणि जेवण आयोजकांकडे होते.

स्टेशनबाहेर नंदनवन वस्तीतले रिक्षावाले हेमराज भेटले. घरात पूर्वी हातमाग होता, आता रिक्षा.

"बसा भाऊ. तुम्हाले सोडतो अन् कोर्टात जातो. लहान्या भावाच्या जामिनाची तारीख हाये."

"काय केलं त्यानं?"

"झोपला होता. दोस्ताच्या खोलीत गांजा सापडला, हा तिथंच घोरून राहिला होता. दिवाळीपासून आत हाये. माय रोज विचारते, काहून येत नाही म्हणून."

सभागृहाशी हेमराज थबकले. प्रमुख वक्ते म्हणून फलकावर त्यांच्याच वकिलांचा फोटो होता. वकीलसाहेब आत शिरतच होते.

"साहेब, आपली तारीख!"

"माझा ज्युनिअर उभा राहील. तू हो पुढं."

हेमराज सुटले कोर्टाकडे.

आत समई विझू नये म्हणून पंखे बंद केले होते. व्यासपीठावरच्यांचे सत्कार झाले, मग सत्कार करणाऱ्यांचे. उरलेल्या शालींसाठी खांदे शोधताना एक माझ्यावरही पडली. नारळांचे तबक घेऊन काळ्या कोटातला एक तरुण घामाघूम उभा होता. निवेदकाने त्याचीही ओळख करून दिली: वकीलसाहेबांचे ज्युनिअर.

मी तातडीने व्यासपीठावर चिठ्ठी पाठवली: मग कोर्टात कोण उभे आहे? ती प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवण्यात आली. प्रश्नोत्तरे वेळेअभावी रद्द झाली.

विरोधी वक्त्यांनी गालातला खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू) एका बाजूला सरकवून आम्हाला व्यसनमुक्तीची शपथ दिली. समर्थकांनी परवाने आणि करांचे तक्ते दाखवले. तुरुंग कुठल्याच तक्त्यात नव्हता. तो विषय वकीलसाहेबांनी काढला. "एक तरुण जरी विनाकारण आत असेल, तर आपल्याला झोप कशी लागते?" टाळ्या थांबेनात. जेवणात पाटोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची आमटी) इतका जहाल होता, की दोन्ही पक्षांचे पाण्यावर एकमत झाले.

संध्याकाळी हेमराज फाटकाशी उभे होते.

"कोणीच उभं नाही राहिलं, भाऊ. जज म्हणे, वकील कुठं हाये? म्या म्हटलं, येऊन राहिले. थोडा वेळ थांबले बिचारे, मंग पुढच्या महिन्याची तारीख देल्ली."

तेवढ्यात हारांसकट वकीलसाहेब बाहेर आले. हेमराजांनी तारीख सांगितली.

"त्या दिवशी अमरावतीला दुसरं अधिवेशन आहे. काळजी करू नको, ज्युनिअर उभा राहील."

"आजच्यासारखा?" हेमराजांनी विचारले. साहेबांची गाडी तोवर निघाली होती.

स्टेशनवर मला उतरवताना हेमराज म्हणाले, "मायले आता काय सांगू?"

गाडीत मी ठराव वाचला. स्वातंत्र्यावर त्यात दोन परिच्छेद होते, भाषा निर्दोष होती. खाली अमरावतीच्या तयारीची टीप होती. सत्काराचे नारळ ज्युनिअर आणणार आहेत.