मागून येणारी घंटी

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. घाबरट आहेच मी, पण माझी भीती वेगळी... गाडी चुकेल, मालक रागवेल, आईचा फोन का नाही आला, असली. या बाकीच्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. त्यामुळं हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. शाळा नववीत सुटली, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा सांगलीकडचा, दुष्काळी भागातला. बोअरच्या गाडीवर हेल्पर म्हणून भंडारा जिल्ह्यात आलो. गाडी परत गेली, मी नाकाडोंगरीतच राहिलो. इथं एका वेल्डिंगच्या दुकानात गेट, ग्रिल बनवतो. राहायला भाऊराव काकांची मागची खोली. काकांची धानाची शेती. पहिल्याच हिवाळ्यात मला टायफॉइड झाला तेव्हा काकूंनी उशाशी बसून पेज पाजली. माझ्या आईला यायला दोन दिवस लागले असते... काकूंनी तिला कळूसुद्धा दिलं नाही, उगाच घाबरेल म्हणून. ते उपकार फिटायचे नाहीत.

दर पौषात, धान घरात आलं की इथली माणसं जंगलात खूप आत असलेल्या एका डोंगराच्या माथ्यावर देवाला जातात. पहाटे निघायचं, दुपारी वर नव्या तांदळाचा भात शिजवायचा आणि अंधाराच्या आत खाली यायचं. पायवाट मधेच हरवते, अस्वलांचा वावर आहे. म्हणून एक रीत. रांगेत सगळ्यात शेवटी चालणाऱ्याच्या कमरेला बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी. ती वाजते तोवर पुढच्यांनी मागं न बघता चालायचं. ती थांबली की सगळी रांग थांबते आणि कोणीतरी मागं बघायला येतं. डोंगरावर हाका मारायच्या नाहीत. शेवटचा माणूस कायम भाऊराव काका.

मागच्या वर्षी काकू म्हणाल्या, "चाल ना बाबू तू बी. आजारातून उठला, देवाले तोंड दाखव."

"पुण्यावाल्याले झेपन का?" काका हसले. मी पुणं फक्त एसटी स्टँडवरून बघितलंय, पण इथं मी पुण्यावालाच.

चढताना दिवसभर ऊन असं पडलंच नाही. आभाळ खाली आलेलं, बोटं गारठलेली. वर पोहोचलो, भात झाला, आणि उतरायला लागलो तसं धुकं भरलं. पुढं वीसेक माणसं, मग मी, माझ्या मागं काकू, शेवटी काका.

अर्ध्या वाटेत माझ्या बुटाचा सोल सुटला. नेमका मी तेव्हा काकूंच्या थोडा पुढं आलेलो. बाजूच्या दगडावर बसून सुतळीनं बांधायला लागलो. काळजी नव्हती — मागून घंटी येतच होती. खण... खण... चालत्या माणसाची असते तशी. म्हटलं, येतील काका-काकू, मग सोबतच उतरू.

आले नाहीत. घंटी मात्र तेवढ्याच अंतरावर.

मी उठून चालायला लागलो. पुढचे कधीच निघून गेले होते, धुक्यात हात लांब केला तर बोटं दिसेनात. वाट चुकून मी डावीकडं गेलो की आवाज बारीक व्हायचा, परत फिरलो की मोठा. रीत मोडून मी "काका!" म्हणून ओरडलो. उत्तर नाही. खण... खण... मी थांबलो तरी ती तेवढ्याच अंतरावर वाजत राहायची. रडू येत होतं, पण पाय त्या आवाजापुढं चालत राहिले. तसाच ओढ्यापर्यंत आलो, तिथून शेतातली शेकोटी दिसली. ओढा ओलांडला आणि मागचा आवाज बंद.

शेकोटीजवळ सगळे बसलेले. पुढं चालणारे सुखदेवभाऊ म्हणाले, "भाऊराव कुठं हाय? घंटी तं आत्तापर्यंत वाजून राहिली होती."

तेवढ्यात गावातून फोन आला. काकू वरच, माझ्या मागं, चक्कर येऊन पडल्या होत्या. अर्धं अंग लुळं. काकांनी घंटीत गवत कोंबलं — आवाज थांबला की रांग थांबते, मदत येते. वर फोनला रेंज नाही, ते वाट बघत बसले. कोणीच आलं नाही. शेवटी काकूंना पाठीवर घेऊन ते एकटेच गुराख्यांच्या आडवाटेनं डांबरी रस्त्यावर उतरले, तिथून गाडी मिळाली.

दवाखान्यात मी त्यांना भेटलो तेव्हा घंटी त्यांच्या कमरेलाच होती. गवत तसंच, दाबून भरलेलं.

"काहून नाही थांबले तुम्ही?" त्यांनी विचारलं. "मी तं बंद केली होती."

"काका, वाजत होती."

त्यांनी कमरेची घंटी हलवून बघितली, वाजली नाही. मग खाली बसले.

काकू वाचल्या, पण उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर हात वाचला असता.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, ज्यानं तुला घरी आणलं त्याच्या नावानं नारळ फोड. मी नारळ आणला. अंगणात दगडाजवळ बसलो.

"नको फोडू," काका दारातून म्हणाले. "आभार मानले का वळख होते. त्याची वळख नको आपल्याले. त्याच्यापायीच कोणी मांगं आलं नाही."

आतून, खाटेवरून, काकूंचा जड झालेला आवाज आला, "फोडू द्या जी. पोरगं घरी आलं ना."

"अन् तुह्या हाताचं काय?"

"माह्या हाताले अन् त्याच्या जीवाले कायले जोडता? फोड रे बाबू."

दोघंही माझीच वाट बघत होते. त्या आवाजानं मला वाचवलं, की मला एकटं पाडलं आणि काकूंचा हात घेतला... कोणाचा आवाज होता तो, मला आजही कळलेलं नाही. दुकानातले म्हणतात, धुक्यात आवाज फिरतात. पण गवत भरलेल्या घंटीचा कुठला आवाज फिरणार?

मी नारळ फोडलाही नाही, परतही नेला नाही, तसाच खाली ठेवला. काका शेताकडं निघून गेले. आत काकूंना पाणी द्यायला गेलो, तर त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.