गोगलगाई वर आल्या तेव्हा

तैवानमधल्या ताइनान शहरातल्या त्या गल्लीत घरात कोळंबी पाळणारे पाचसहा जण होते, पण आ-दुआनबाईंच्या तोडीचं कुणीच नव्हतं. ज्याला हे पटत नसेल त्याने खुशाल पटवून घेऊ नये. बुटांच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेली ही बाई. माडीवरच्या खोलीत काचेच्या टाक्या मांडून अकरा वर्षं एकच काम करत होती: नखाएवढ्या लाल-पांढऱ्या कोळंब्यांतल्या स्वच्छ रंगाच्या तेवढ्या निवडायच्या आणि त्यांचीच वीण वाढवायची. आणि प्रत्येक टाकीत तिच्या तपकिरी गोगलगाई असायच्याच.

समोरच्या घरातले थिएन-शौ तिला त्यावरून छळायचे. त्यांच्याही टाक्या होत्या, अगदी आरशासारख्या.

"वहिनी, राजवाड्यात म्हशी कशाला बांधल्यात?"

"शेवाळ खातात, भावजी. तुमच्यासारखं डोकं नाही खात."

ऑक्टोबरात गल्लीत एकाला डेंगी झाला. सकाळी नऊला घरोघर डासांचं औषध फवारणार, पाळीव माशांच्या टाक्या झाकून ठेवा, असं पत्रक आलं. त्या औषधाचा नुसता वास पाण्यात उतरला तरी कोळंबी मरते. म्हणून सगळे करतात तेच दोघांनी पहाटे केलं: हवेचे पंप बंद, टाक्यांवर प्लास्टिक, कडेने चिकटपट्टी.

नऊ वाजले, दहा वाजले, फवारणीवाले गल्लीच्या पार त्या टोकाला अडकलेले. खोली तापली. बाई न्याहारीही न करता स्टुलावर बसून होत्या. साडेअकराला एक गोगलगाय काचेवरून वर निघाली. मग दुसरी, तिसरी. बघता बघता सगळ्या टाक्यांतल्या गोगलगाई पाण्याच्या काठाशी येऊन चिकटल्या. कोळंब्या खाली निवांत चरत होत्या.

पाण्यातली हवा संपत आली की गोगलगाई अशा वर येतात, हे बाईंना ठाऊक होतं. उघडावं आणि औषध आत शिरलं तर अकरा वर्षं मातीत. न उघडावं तर आतल्या आत गुदमरून मरतील. सज्जात जाऊन पाहिलं, फवारणीवाले अजून चार घरं लांब होते. बाईंनी फराफरा पट्ट्या ओढल्या आणि पंप चालू केले. मग सज्जातूनच थिएन-शौंना हाक मारली.

"भावजी, टाक्या उघडा. पाण्यातली हवा संपलीय."

"कोण म्हणतं?"

"गोगलगाई."

"पत्रकापेक्षा तुमच्या म्हशी शहाण्या? माझ्या कोळंब्या मजेत आहेत, वहिनी."

बाईंनी पुन्हा विनवलं. थिएन-शौंनी हसत खिडकी लावून घेतली. शेजारच्या दारात यंत्र घरघरलं, तेव्हा बाईंनी पंप बंद करून सगळ्या टाक्या परत बांधल्या.

संध्याकाळी खोली वाऱ्याला लावून, फरशी धुऊन प्लास्टिक काढलं. गोगलगाई तळाशी, कोळंब्या पाणवनस्पतींच्या पानांवर. बाई ओल्या फरशीवर बसल्या आणि मोकळेपणी रडल्या. मग समोर गेल्या. थिएन-शौ हातात जाळी घेऊन उभे होते.

"सगळ्या गेल्या, वहिनी."

दुसरं कुणी असतं तर वर्षभर ऐकवलं असतं. आ-दुआनबाईंनी मात्र त्यांच्या हातातली जाळी घेतली आणि टाक्या साफ करू लागल्या.

पंधरा दिवसांनी, थिएन-शौंच्या टाक्यांतलं नवं पाणी कोळंबीला मानवेल असं झाल्यावर, त्या पिशवी घेऊन दारात आल्या. आत वीस अंडीवाल्या माद्या, आपल्या सर्वांत चांगल्या टाकीतल्या. थिएन-शौंनी पिशवी दोन्ही हातांत घेतली.

"वहिनी, आणि म्हशी?"

बाईंनी पाठीमागे धरलेली दुसरी पिशवी पुढे केली.

"आधी या सोडा."