बुधवार पेठ ते रिहे : मंगलताईंचा चेहरा असलेला फोटो

बुधवार पेठेत फोटो काढायला जातेय म्हटल्यावर घरमालकीण म्हणाली, "त्यापरीस आमच्या रिह्याला जा, माझ्या आईला भेट, डोंगर तरी दिसंल." मी मारुंजीत भाड्याने राहते, सुट्टीला कॅमेरा घेऊन भटकते, आणि नको म्हटलं की आधी तिथंच जाते. शेवटी दोन्हीकडे गेले.

पेठेत जाणार असाल तर गाडी लांब लावा, सकाळी जा, आणि सुरुवातीला कॅमेरा पिशवीतच राहू द्या. तिथं धंदा करणाऱ्या मंगलताईंच्या जिन्याखाली मी नुसती बसून चहा प्यायचे. परवानगी दिली तीही त्यांनीच, अटीसकट. "आमचं तोंड न्हाई काढायचं, येणाऱ्याचंबी न्हाई." मग मी जिन्यातल्या चपला टिपायला लागले. चकचकीत बूट, सिमेंट लागलेल्या स्लिपर. एक जण देवळाबाहेर ठेवाव्यात तशा चपला जुळवून ठेवायचा. मी हसले तर मंगलताई रागावल्या. "त्यो निस्ता बोलत बसतो. घरी त्याचं कुणी ऐकत न्हाई."

मग एकदा त्यांनीच विचारलं, "माझा एक फोटो काढशील? तोंडासकट?" त्यांची मुलगी सोलापूरकडे वसतिगृहात शिकते. आई मुळशीत कुणाच्या तरी घरी स्वयंपाकाला आहे, असं तिला सांगितलेलं. आता पोर हटून बसली होती. ते घर दाखव, नाहीतर मीच बघायला येते. मंगलताईंची झोप उडाली होती. मला रिहे आठवलं, तेही मुळशीतच.

दिवाळीनंतरच्या रविवारी माझ्या स्कूटरवर निघालो. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, मग घोटावडे फाट्यावरून आत. पिरंगुटपर्यंत ट्रॅफिक जीव काढतं, पुढे रस्ता मोकळा. फाट्यावर वडापाव खाऊन घ्या, आत काही मिळत नाही. खाचरांत भाताची कापणी चालली होती. मंगलताई मागे बसून वास घेत होत्या. "आमच्याकडं ज्वारी," एवढंच बोलल्या.

घरमालकिणीची आई, तारामावशी, अंगणात भात पाखडत होत्या. मी मंगलताईंची ओळख 'मैत्रीण' म्हणून करून दिली. चुलीपाशी उभं राहून पळी हातात घेऊन फोटो काढायचा, असा आमचा बेत. मावशींनी तो मोडलाच.

"निस्ती उबी काय ऱ्हातीस? पळी धरलीस तर भात कर की. नवा तांदूळ हाय, पाणी बेतानं घाल."

मंगलताईंनी पदर खोचला. भात झाला, पिठलंही झालं. मी फोटो काढत राहिले. आम्ही तिघी पोटभर जेवलो. पैसे विचारले तर मावशी भांडायला उठल्या.

निघताना त्या सुपात तांदूळ आणि नारळ घेऊन आल्या. सासरी जाणाऱ्या लेकीची भरतात तशी मंगलताईंची ओटी भरायला. मंगलताई मागे सरकल्या.

"मावशी, माझी नगा भरू. मी बुधवारातली हाय. लेकीला खोटंच सांगितलंय, तुमच्यासारख्यांकडं रांधते म्हणून."

मावशींनी सुपातला नारळ सरळ केला. मग म्हणाल्या, "मालक गेल्यापास्नं माझी कुणी भरत न्हाई, आन् माझ्या हातनं कुणी भरूनबी घेत न्हाई. माझ्या हातची चालंल का तुला, ते सांग."

मंगलताईंनी पदर पसरला. रडत होत्या, हसतही होत्या.

"आन् खोटं कशापाय? आज रांधलंस न्हवं माझ्या चुलीवर?"

"काढ गं," मंगलताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तोंडासकट काढ."

मारुंजीला परतून आता बरेच दिवस झाले. चपलांचे फोटो चांगलेच आहेत, पण मी पुन्हा पुन्हा उघडते तो हाच, मावशी ओटी भरतानाचा. मंगलताईंनी मुलीलाही चुलीजवळचा न पाठवता हाच पाठवला. तिने विचारलं, ही आजी कोण? मंगलताई म्हणाल्या, माझं माहेर. तर पोरगी आता मे महिन्यात तिथं यायचं म्हणून हटून बसलीय.

"बोलून बसले गं," मंगलताई फोनवर घाबऱ्याघुबऱ्या. "आता काय करू?"

मी भीतभीत तारामावशींना फोन लावला, सगळं सांगितलं.

"माहेर म्हनली ना? मग इचारतीस काय," त्या खेकसल्या. "नातीला आंबं आवडत्यात का, तेवडं सांग."