अण्णांचं गौणवाक्य

माझे वडील भूमच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. निवृत्त झाल्यावरही तालुक्यात कुठं गेले की कुणीतरी मोटारसायकल थांबवून त्यांच्या पाया पडायचं, आणि बहुतेकांना त्यांचा एकच धडा आठवत असायचा: अ‍ॅडव्हर्ब क्लॉज.

फळ्यावर एक लांब वाक्य लिहायचे, त्यातल्या मुख्य क्रियापदाखाली रेघ मारायचे आणि म्हणायचे, "ह्याला प्रश्न विचारा. कधी? का? कुठं? कशासाठी? कोणत्या अटीवर? जो तुकडा उत्तर दील, तो अ‍ॅडव्हर्ब क्लॉज. त्याला स्वतःचा कर्ता असतो, स्वतःचं क्रियापद असतं, पण त्याला एकटं राहता येत न्हाय. ते गौणवाक्य."

मीही त्यांच्याच वर्गात होते. आठवीत मी 'दो ही वॉज इल, बट ही केम' असं लिहिलं. मराठीत 'जरी' म्हटलं की 'तरी' लागतंच, म्हणून आमच्याकडची सगळीच पोरं 'दो'च्या मागं 'बट' लावतात. अण्णांनी मला उभं केलं. "मास्तराच्या घरात हे?" एवढंच म्हणाले. पुढचे दोन दिवस घरातही माझ्याशी बोलले नाहीत. पुढं मी इंग्रजीच घेतलं ते त्या दोन दिवसांमुळं की त्या दोन दिवसांवर रागावून, मला आजही सांगता येणार नाही.

त्यांचा स्वभाव असा होता. पण लग्न मोडून मी बॅगा घेऊन परत आले, तेव्हा याच माणसानं मला एक शब्द विचारला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटाशेजारी पेपरचं कात्रण ठेवलेलं होतं. जवळच्या ईट गावातल्या शाळेत इंग्रजी शिक्षकाची जागा निघाली होती. तेव्हापासून मी रोज एसटीनं ईटला जाते-येते.

मार्चमधल्या एका सकाळी दाढी करताना त्यांच्या उजव्या हातातलं रेझर पडलं. ते उचलायला वाकले आणि तिथंच बसले. मी हाक मारली तर माझ्याकडं बघून तोंड हलवत होते, आवाज निघत नव्हता. अर्ध्या गालावर साबण तसाच होता. आम्ही त्यांना जीप करून बार्शीला नेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. दोन आठवड्यांनी घरी आले तेव्हा काठी घेऊन चालत होते, पण बोलणं गेलं होतं. पाणी, चहा, नको, असे सुटे शब्द तेवढे उरले होते.

वाचा परत यावी म्हणून मी त्यांना सोलापूरला एका बाईंकडं घेऊन गेले. त्या हेच काम करायच्या. त्यांनी टेबलावर पेन, चमचा आणि कंगवा ठेवला. "पेन द्या." अण्णांनी पेन दिलं. "कंगव्याला हात लावा." लावला. मला हायसं वाटलं. मग बाई सावकाश म्हणाल्या, "पेन द्यायच्या आधी चमच्याला हात लावा."

अण्णांनी पेन उचलून दिलं आणि मग चमच्याला हात लावला. पुन्हा सांगितलं, पुन्हा तसंच. चेहऱ्यावर मात्र उत्तर बरोबर आल्याचं समाधान.

बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "त्यांना शब्द कळतात, वाक्याची बांधणी कळत नाही. शब्द ज्या क्रमानं कानावर पडतात, त्याच क्रमानं ते गोष्टी करतात. घरी एका वेळी एकच गोष्ट सांगा. आधी, नंतर, जर, म्हणून, असलं काही नको."

जन्मभर त्यांनी जे शिकवलं, नेमकं तेच गेलं होतं. मी बाईंना ते सांगितलं नाही.

आईनं हे त्याच दिवसापासून अमलात आणलं. ती सातवी शिकलेली. "ऊन आलंय. आत चला." "वरण गरम हाय. थांबा." असं बोलायची आणि अण्णा तसं करायचे. मला ते ऐकवायचं नाही. लहान लेकराशीसुद्धा आमच्या घरात कुणी असं बोललं नव्हतं.

मी माझा उपाय काढला. संध्याकाळी शाळेतून आले की त्यांच्या जुन्या टाचणवह्या, धड्यांची तयारी लिहिलेल्या, घेऊन त्यांच्याजवळ ओट्यावर बसायचे. मराठी गेली असेल, इंग्रजी कुठंतरी शिल्लक असेल, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. आठवडाभर काही झालं नाही. मग एक दिवस मी त्यांच्या वहीतलं वाक्य अर्धं वाचून थांबले, "वी वेटेड अनटिल..."

"द रेन स्टॉप्ड," अण्णा म्हणाले. स्पष्ट. त्यांच्या वर्गातल्या आवाजात.

मी दुसरं घेतलं. "दो ही वॉज पुअर..."

"ही वॉज ऑनेस्ट."

मी रडत-हसत आत गेले आणि आईला ओढत बाहेर आणलं. तिच्यासमोर पुन्हा सगळं म्हणून घेतलं. महिन्याभरात ते वीस-बावीस वाक्यं पुरी करायला लागले. मला घरी बोलताना हुरूप यायला लागला, मी त्यांच्याशी पूर्वीसारखी मोठी वाक्यं बोलायला लागले आणि ते मान हलवायचे.

"कळायला लागलंय त्यांना," मी आईला म्हणाले.

"मान तर ते मांजर आलं तरी हलवतेत," आई म्हणाली. "तू बारकं बारकंच बोल बाई."

मी तिच्यावर चिडले. तुला इंग्रजी कळत नाही, असंही म्हणाले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. त्याच आठवड्यात येडशीची मावशी पडली आणि आई सकाळच्या गाडीनं तिला बघायला गेली. दुपारच्या जेवणापर्यंत परत येणार होती. अण्णांना साखरेचा आजार होता, गोळी सकाळी एक आणि दुपारच्या जेवणाला एक. सकाळची मी नाश्त्याबरोबर दिली. माझ्या गाडीची वेळ झाली होती. चप्पल घालता घालता मी म्हणाले, "अण्णा, आई येईपर्यंत दुपारची गोळी घेऊ नका. तिनं वाढलं की मग घ्या."

त्यांनी मान हलवली. गोळ्यांचं पाकीट खिडकीतच होतं. मी गेले.

आईची गाडी वाटेत बंद पडली. ती अडीच वाजता पोचली. अण्णा खाटेवरून अर्धे खाली आले होते, घामानं सदरा चिंब, डोळे उघडे आणि ओळख नाही. पाकिटातल्या सकाळच्या गोळीशिवाय आणखी दोन गोळ्या कमी होत्या. पोटात सकाळच्या उपम्याशिवाय काही नव्हतं. शेजाऱ्यांनी गाडी काढली. मला शाळेत फोन आला तेव्हा मी दहावीच्या वर्गावर होते. मी थेट बार्शीला गेले.

साखर फार वेळ खाली राहिली होती. जीव वाचला. पण पुढं त्यांना उठवून बसवावं लागायचं आणि शब्द चार-पाचच उरले. इंग्रजी वाक्यं पूर्ण गेली. मी एकदा 'वी वेटेड अनटिल' म्हणून पाहिलं. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

दवाखान्याच्या बाकावर आईनं मला एकच गोष्ट विचारली. "काय सांगून गेलतीस?"

मी ते वाक्य होतं तसं म्हणून दाखवलं. तिनं ते ओठातल्या ओठात म्हटलं. मग म्हणाली, "दुपारची गोळी. घ्या. एवढंच आलं असंल त्यांच्या हाती." आणि पदरानं तोंड पुसून डब्यातली भाकरी मला दिली. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं.

सोलापूरच्या बाईंना मी फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाठ असलेलं तोंडात वेगळं राहतं. काहींना बोलता येत नाही पण आरती म्हणता येते. तुम्ही त्यांना एखादं नवीन वाक्य विचारून पाहिलं होतं का?"

पाहिलं नव्हतं. तीस वाक्यं मला स्वतःला रचता आली असती. मी एकही रचलं नाही, कारण उत्तर काय येईल याची मला भीती होती. हे मी ओट्यावर वह्या घेऊन बसायचे तेव्हाच ओळखलं होतं, फोनवर नाही.

त्या वर्षी शाळेत अ‍ॅडव्हर्ब क्लॉजचा तो धडा आला. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, अनटिल आणि अनलेसमधी फरक काय?" मी तिला गाईड बघ म्हणाले. इतक्या वर्षांत मी कुणाला असं उत्तर दिलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी एका दुपारी त्यांची नखं काढत होते. डावा हात झाला, उजवा घेतला. त्या हाताला काही कळत नव्हतं. एकाएकी ते म्हणाले, "तू गेली."

मी नेलकटर खाली ठेवलं. बऱ्याच वेळानं दुसरं वाक्य आलं. "मी भ्यालो."

इतक्या महिन्यांत एवढं त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. मी खाटेवर चढून त्यांच्या समोर बसले. "कधी, अण्णा? त्या दिवशी? मी गेले तेव्हा भ्यालात?" त्यांनी मान हलवली. "मी गेले म्हणून भ्यालात? म्हणून गोळ्या घेतल्या?" मान हलवली. "मी जाईन म्हणून भीती वाटती का? आताही?" मान हलवली. कदाचित ते त्या दिवसाबद्दल बोलत नसतील. मी नवऱ्याकडं गेले त्याबद्दल बोलत असतील. मी तेही विचारलं. मान हलवली. मी विचारत राहिले, आवाज चढत गेला, तसा त्यांनी डाव्या हातानं उजवा हात माझ्या हातातून ओढून काढला आणि भिंतीकडं तोंड केलं.

आई दारात येऊन उभी होती. "सोड त्यांना," म्हणाली.

संक्रांतीच्या आधी, एका थंडीतल्या सकाळी आई चहा घेऊन गेली तेव्हा ते गेलेले होते. दहाव्याला त्यांचे विद्यार्थी आले. केस पांढरे झालेली माणसं अंगणात बसून त्यांच्या छड्यांच्या गोष्टी सांगत होती, हसत होती, डोळे पुसत होती. सर शेवटी काय बोलले का, असं एकानं मला विचारलं. मी नाही म्हणाले.

आता घरात आम्ही दोघीच आहोत. आईशी मी त्या दिवसाबद्दल नंतर कधी बोललेले नाही, तीही बोलत नाही. मात्र तिचं बोलणं तसंच राहिलंय. "भाकरी झालीय. ये." "गाडीची वेळ झाली. निघ." परवा मला सहन झालं नाही. मी म्हणाले, "आई, आता नीट बोल की माझ्याशी. मला कळतं सगळं."

तिनं तवा उतरवला, हात धुतले.

"नीटच बोलतेय," म्हणाली. "बस. जेव."