बाबांच्या टाचेवरचा काळा डाग

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे तुमच्या हातातला चहा गार होणार आहे, आणि शेवटी हसाल ते माझ्यावरच.

आमचं गाव सिंदेवाहीजवळ. धानाचे रोवणे आटोपले होते. बाबा ओसरीत पाय लांबवून बसले होते आणि मला त्यांच्या टाचेवर काळाकुट्ट डाग दिसला.

"हे काय?"

"काई नाई."

मोठ्यांचं 'काई नाई' म्हणजे काहीतरी नक्की आहे. मी बी.एस्सी. झालेली. गावठी इलाज घरातून मीच हद्दपार केलेले. तळपायावर नवा काळा डाग आला आणि वाढू लागला तर तो कॅन्सरही असू शकतो, हे मला पक्कं ठाऊक. मी बॉलपेननं डागाभोवती गोल काढला.

"रेघेबाहेर गेला तर दवाखाना. कारणं सांगायची नाहीत."

"माया टाचेची मोजणी करून राह्यली का वं?"

पुढच्या रविवारी डाग रेघेबाहेर होता. पण बाबा दवाखान्यात यायला तयार होईनात, म्हणून मी मोठा गोल काढला. तोही ओलांडला. बाबा लंगडायला लागले, माझ्यासमोर पाय धोतरात झाकायला लागले.

"आई, तुला तरी काही बोलले का?"

"मले नको इचारू," म्हणत आई चुलीकडे वळली. बिचारी आतून खचलीय, असं मला वाटलं.

"धान निघाले का मंग जाऊ," बाबा म्हणाले.

"तोवर पाय राहिला पाहिजे ना!"

बोलून गेले, आणि त्या संध्याकाळी कुणालाच जेवण गेलं नाही.

सकाळी चंद्रपूरची बस धरली. वाटेतला मूलचा बसस्टँड मागे पडला तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "पोरी, पाय कापतीन का वं?"

"काहीतरी बोलू नका," मी खेकसले आणि खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना माझा चेहरा दिसायला नको होता.

डॉक्टरबाईंनी विचारायच्या आधीच मी सगळं व्याख्यान दिलं. त्यांनी भिंगातून डाग पाहिला. बराच वेळ पाहिला.

"दादा, इथे काही लावलं होतं का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "नाई."

"ताई, तुम्ही जरा बाहेर बसता?"

असं कधी सांगतात, सांगा बरं? मी हलले नाही.

मग बाईंनी पातं घेऊन टाचेची जाड कातडी तासली. काळे पापुद्रे सुटून आले. खाली स्वच्छ गुलाबी कातडी, आणि मधोमध काट्याचं टोक.

"बिबा?" बाईंनी विचारलं.

बाबांनी मान खाली घातली. काटा रुतला की आमच्याकडे हे जंगली फळ सुईला टोचून दिव्यावर धरतात आणि त्याच्या काळ्या तेलाचा चटका देतात. त्यानंच आईचा हात उतून फोड आले होते, म्हणून मी घरातले सगळे बिबे फेकून दिले होते. सगळे म्हणजे, मला दिसले तेवढे.

"पण डाग वाढत कसा होता?"

"तू गोल काढला का मले भेव वाटे. मंग तुयी माय अजून एक चटका दे."

म्हणजे मी चित्र काढत होते आणि घरचे त्यात रंग भरत होते.

"दाखवलंत ते बरंच केलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "डाग वाढत असेल तर थांबूच नये. पण दादा, आता घाबरायचं कारण नाही."

बाबांनी माझ्याकडे बघत चप्पल पायात सरकवली.

"तुमाले काय जाते बाई? हिच्यासंग घरी मले जा लागते."