गायरानावरचं जांभूळ

जन्मभर झाडं लावणाऱ्या बाईला झाडांपाशी जायची भीती वाटेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण त्या दिवशी देवनहळ्ळीकडे जाणाऱ्या बसमध्ये माझे हातपाय गार पडले होते, खरं सांगते.

त्याचं असं झालं. उजाड जमिनी, तुटलेली जंगलं पुन्हा सावरणाऱ्यांसाठी बंगळुरात, बसवनगुडीत चार दिवसांचं प्रशिक्षण होतं. वनखात्याची माणसं, संस्थांमधली पोरं, आणि साठी उलटलेली मी एकटी. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या मुलीनं फळ्यावर माळ काढला आणि म्हणाली, "इथं जंगल कधी नव्हतंच. गवत होतं. अशा माळावर झाडं लावणं ही दुरुस्ती नव्हे, मोडतोड." उद्या असाच एक माळ बघायचा, म्हणाली. गावाचं नाव ऐकलं आणि मी लिहायची थांबले. त्या गायरानावर आठ वर्षं दर रविवारी कॅननं पाणी नेऊन झाडं वाढवली होती ती आम्हीच. मी आणि हे.

घरी काही बोलले नाही. गुडघ्यांपायी ह्यांचं तिकडे जाणं वर्षभर बंद आहे. सकाळी निघताना म्हणाले, "आपल्या जांभळाचा फोटो आण. स्वल्प जवळून काढ, बुंधा दिसू दे."

बसमध्ये शेजारी बेळगावकडचा एक वनरक्षक होता. मराठी बोलायला मिळालं म्हणून खूश. माळावर उतरल्या उतरल्या आमची करंजाची झाडं बघून, सगळ्यांना कळावं म्हणून कन्नडात म्हणाला, "अक्का, कुठल्या शहाण्यानं लावलं असेल हो हे? रांग बघा, शाळेत प्रार्थनेला उभी केल्यासारखी!" सगळे हसले. मीही हसले.

मुलगी सांगत होती, सावलीनं गवत मेलं, गावच्या मेंढरांना चारा उरला नाही, चंडोल गेले. चंडोल! पहिल्या वर्षी पायाजवळून भुर्रकन उडायचे. कधी थांबले, मला कळलंसुद्धा नाही. मी वर झाडांकडेच बघत होते ना.

मग तिनं पिशवीतून लाल चिंध्या काढल्या. "गावानं होकार दिलाय. जे झाड काढायचं, त्याला ही बांधायची." वनरक्षक एक चिंधी घेऊन थेट जांभळाकडे निघाला. गप्प राहिले तर कुणाला कळणार आहे, असंही मनात आलं.

"थांबा हो," मी म्हणाले. "तो शहाणा म्हणजे मीच."

कुणी हसलं नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. वनरक्षकाची मान खाली. मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "अज्जी, हे एक राहू द्या. चालेल."

मी वाकून जांभळाखाली बघितलं. गवताची एक काडी नव्हती. वनरक्षकाच्या हातातली चिंधी घेतली. गाठ तिसऱ्यांदा कुठे बसली. मग फोटो काढला, बुंध्यासकट.

संध्याकाळी ह्यांनी दार उघडलं तेच हात पुढे करून. "फोटो?"

दिला फोन. चष्मा कपाळावर सरकवून, दोन बोटांनी मोठा करून बघत राहिले. चेहरा कसा फुललेला!

"अगं, लाल कापड बांधलंय! पूजाबिजा केली वाटतं गावकऱ्यांनी?"

मी चप्पलही न काढता उंबऱ्यावरच बसले. "तुम्हीही बसा आधी," म्हटलं. "सांगते."